अब्बांना हवी लांबची बॅटरी

अब्बांचा फोन आला की आधी पाऊस, मग आंब्याची कलमं, मग मोहल्ल्यात कोणाची तब्येत कशी आहे, आणि फोन ठेवता ठेवता खरं काम निघतं. गेल्या ऑगस्टमध्ये तसंच झालं. "आणि ऐक," ते म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा मुंबईहून एक बॅटरी आण. लांब जाणारी. माझ्या बॅटरीचा आता काजवा झालाय."

मी घाटकोपरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, जिन्याखाली उभी राहून बोलत होते. वरून पोरांचा गोंगाट. "आणते," म्हटलं आणि फोन ठेवला. बॅटरी ती काय आणायची, स्टेशनबाहेरच्या कुठल्याही टपरीवर मिळते. त्या एका बॅटरीने माझे अडीच महिने घेतले.

दोन दिवसांनी शेजारच्या चाचींचा फोन आला, तेव्हा बॅटरीमागची हकिकत कळली. अब्बा फजरला निघाले होते. पाऊस नुकताच थांबलेला आणि वीज गेलेली. हातात जुनी बॅटरी, तिचा झोत पुढे दहा-पंधरा पावलांवर. मागून चाचींचा नातू मोबाइलचा उजेड जमिनीवर पाडत येत होता. त्याने अब्बांचा सदरा धरून त्यांना मागे खेचलं. पाखाडीच्या पुढच्या पायरीवर, अब्बांचं पाऊल पडणार होतं नेमक्या त्या जागी, फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. पोराला तो ऐकू आला, अब्बांना नाही. अल्लाहचे शुक्र की पोरगा मागे होता.

अब्बांनी मला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. फक्त बॅटरी मागितली होती.

आमचं गाव म्हसळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या अंगाला. घर मोहल्ल्याच्या अगदी टोकाला आहे. पुढे पडवी, मागे चाळीसेक कलमांची बाग, तिच्याभोवती जांभ्या दगडाचा गडगा. मशीद पाखाडीने खाली उतरून तीनेकशे पावलांवर. घराच्या दुसऱ्या बाजूला भाताची दोन खाचरं, आणि खाचरांपलीकडे चढावर कब्रस्तान. आपल्यापैकी बऱ्याच घरांचं असंच असतं. कमावणारे मुंबईत नाहीतर आखातात, आणि गावचं घर एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर. अम्मी २०२२ मध्ये गेली, तेव्हापासून अब्बा एकटे आहेत. पंच्याहत्तरीला आलेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचा राहिलाय.

चाचींनी भाईलाही कळवलं होतं. त्याच रात्री त्याचा कुवैतहून फोन. "बस झालं आता. अब्बांना मरोळला आण." मलाही तसंच वाटत होतं. पण अब्बा मरोळला आले की काय होतं तेही मला माहीत आहे. चार दिवस नातवाशी बुद्धिबळ, पाचव्या दिवसापासून खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसणं, आणि आठव्या दिवशी जेवताना सहज विचारल्यासारखं, "बोरिवलीहून सुटणारी श्रीवर्धन गाडी अजून आहे का?" शेवटी भाईने एक पाऊल मागे घेतलं. घराजवळची वाट नीट करून घ्यायची, पायात गमबूट घालायचे, आणि उजेडाची पक्की सोय करायची. एवढं झालं तर हे वर्ष राहू दे, पुढचं पुढे बघू. वाटेचं काम जमातच्या पोरांनी केलं, दगड बसवले, कडेचं रान काढलं. उजेड माझ्याकडे आला.

अब्बांची जुनी बॅटरी कुवैतची आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवैतमध्ये घुसल्या तेव्हा अब्बांची तिथली सतरा वर्षं झाली होती. इतर हजारो हिंदुस्थानी कामगारांसारखे तेही जॉर्डनमार्गे, अम्मानहून विमानाने मुंबईला परतले. सामान तिथेच राहिलं. आली ती एक हातपिशवी आणि चार मोठ्या सेलची, स्टीलची लांबलचक बॅटरी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या बॅटरीने गावात आमची मोठी इज्जत वाढवली. कोणाची म्हैस हरवली, कोणी रात्री आजारी पडलं की, "त्यांच्याकडची कुवैतची बॅटरी आण" असं म्हणत लोक यायचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मुंबईत लॉकडाऊन, गावचे फोन बंद, आणि वीज यायला महिन्याहून जास्त दिवस गेले. त्या महिनाभरात अम्मी-अब्बांनी ती बॅटरी रेशनच्या रॉकेलसारखी पुरवून वापरली होती. पुढे तिचा बल्ब गेला. बाजारातल्या कारागिराने आत छोटा एलईडी बसवून दिला. उजेड पडतो, पण पूर्वीची धाव राहिली नाही. तो हा काजवा.

तर मी पहिली बॅटरी मोबाइलवरून मागवली. खोक्यावर आकडे असे की डोळे दिपावेत: एक लाख लुमेन, पाच हजार मीटर, आत ९९०० एमएएचचा सेल. किंमत आठशे रुपये. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना कौतुकाने दाखवली. त्यांनी खोकं हातात घेतलं, वाचलं आणि हसले. "मॅडम, पाच हजार मीटर म्हणजे घाटकोपरहून मारली तर तुमच्या मरोळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत उजेड जायला हवा. आणि हा सेल बघा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. एवढ्या नळीत चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच भरू शकते. ९९०० लिहिलेला सेल दिसला की तिथेच ठेवून द्यायचा. जो एक आकडा खोटा छापतो त्याच्या चार्जरवर तरी कशाला भरवसा ठेवायचा? असे सेल रात्री चार्जिंगला लावून झोपू नये."

मग शाळा सुटल्यावर त्यांनी मला तळमजल्याच्या अंधाऱ्या व्हरांड्यात नेलं आणि एक तास घेतला. वीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे, पण इतकी उपयोगाची शिकवणी मला क्वचितच मिळाली असेल.

बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेन. बादलीत पाणी किती, तसं. पण ते पाणी तुम्ही अंगणभर शिंपडता की नळीतून एका ठिकाणी मारता, हे लुमेनवरून कळत नाही. झोताच्या मधोमध उजेड किती एकवटला आहे ते कँडेलात मोजतात, आणि लांबची धाव त्याच्यावर ठरते. मोठा, खोल, गुळगुळीत आरसा असलेली बॅटरी कमी लुमेनमध्येही लांब जाते. छोट्या तोंडाची बॅटरी भरपूर लुमेन असूनही अंगणापुढे सरकत नाही. शिवाय अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. धाव दुप्पट हवी तर कँडेला चौपट लागतात.

खोक्यावर जे मीटर छापतात त्याचंही एक ठरलेलं माप आहे. अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ नावाचं मानक निघालं, आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात धाव म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे '३०० मीटर' याचा अर्थ तीनशे मीटरवर सगळं लख्ख दिसेल असा नाही. तिथे चांदण्याएवढा उजेड पोहोचेल, एवढाच. किती तास चालते त्या आकड्यातही अशीच मेख आहे. सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ते मोजतात. सर्वात प्रखर उजेड तर बॅटरी तापते म्हणून काही मिनिटांतच आपोआप खाली येतो.

"आता तुमची ही पाच हजार मीटरवाली बघू," म्हणत सरांनी मोबाइलवर उजेड मोजायचं फुकटचं ॲप उघडलं, मोबाइल भिंतीला टेकवला, पाच मीटर टेपने मोजून मला उभं केलं. आकडा आला १८० लक्स. त्याला पाचाच्या वर्गाने, पंचवीसने गुणायचं: ४५०० कँडेला. त्याचं वर्गमूळ ६७, त्याची दुप्पट १३४. पाच हजार मीटरच्या जागी १३४ मीटर. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नव्हे, पण दोन बॅटऱ्यांत कोणती सरस ते कळायला पुरतो. ही युक्ती वाचकांनी जरूर वापरावी. मोबाइल, टेप आणि अंधारी जागा, एवढंच लागतं.

सरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी विद्वानांचं असं मत होतं की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला भिडतात, म्हणून दिसतं. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाज़िर'मध्ये दाखवून दिलं की उजेड वस्तूवरून डोळ्यांत येतो. "बॅटरी हातात घेतली की आपण सगळे पुन्हा त्या जुन्या मताचे होतो," सर म्हणाले. "उजेड मारला म्हणजे दिसलं. पण परत येऊन डोळ्यांत काय पोहोचतं, ते विचारायला हवं. तुमच्या अब्बांचे डोळे कसे आहेत?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांश उजेड पोहोचतो. अब्बा तर त्याही पुढे गेलेले. त्यांना उजेड जास्त हवा, पण मोतीबिंदूच्या डोळ्यात प्रखर उजेड जवळून परतला तर तो फुटून पसरतो, आणि समोर नुसता पांढरा पडदा येतो. पावसात आणि धुक्यातही प्रखर झोत असाच तोंडावर उलटतो.

ती आठशे रुपयांची बॅटरी मी परत पाठवली. पैसे मिळायला तीन आठवडे आणि सात फोन लागले, ते जाऊ दे.

दरम्यान मला आणखी एक अडचण कळली. मुंबईत अंधार मिळत नाही. मरोळमध्ये आमच्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवर रात्री बारा वाजतासुद्धा पुस्तकाची अक्षरं लागतात. रस्त्याचे दिवे, होर्डिंगं, मेट्रोचे खांब, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं. एका दुकानदाराने दोन दिवस वापरून बघायला दिलेली बॅटरी मी गच्चीवर नेली, तर हे मागोमाग धावत आले. "वर मारू नकोस! विमानतळ आहे बाजूला. वैमानिकाच्या डोळ्यांत गेलं तर?" मी मुकाट्याने खाली, समोरच्या गोदामाच्या भिंतीवर मारली. वॉचमन बाहेर आला. झालं परीक्षण.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आरेतल्या एका पाड्यावर राहतात. मरोळची वस्ती संपली की आरेची झाडी सुरू होते, आणि तिथून वर राष्ट्रीय उद्यानापर्यंत बिबट्यांचा वावर. पाड्यावर त्याला वाघच म्हणतात. २०११ पासून वनखात्याने आणि अभ्यासकांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' म्हणून मोहीम चालवली. रात्री एकट्यादुकट्याने निघू नका, लहान मुलांना एकटं सोडू नका, हातात बॅटरी ठेवा, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चाला, कचरा साठवू नका, असं त्यात सांगत. मावशींच्या पिशवीत कायम एक बोटभर बॅटरी असते. मी त्यांना माझ्या मापांची कथा सांगितली. त्यांनी लादी पुसता पुसता ऐकली आणि म्हणाल्या, "टीचर, वाघ लांबून बघून काय करायचंय? आपण येतोय हे त्याला कळलं की तो बाजूला होतो. उजेड पायाशी ठेवायचा आणि तोंड चालू ठेवायचं."

हे ऐकल्यावर मला वाटलं, आपला प्रश्न सुटला. फुरसं पायाशी होतं, अब्बांचा झोत पुढे होता. लांबच्या बॅटरीचा उजेड मधोमध एकवटलेला असतो, म्हणून पायाजवळ उलट काळोख वाटतो. आणि एकदा प्रखर झोताची सवय झाली की डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. म्हणजे अब्बांना लांबची नव्हे, जवळ आणि रुंद उजेड पाडणारी, साधी, हलकी बॅटरी हवी. मी डोक्याला बांधायची बॅटरीसुद्धा सुचवली. "डोक्याला पट्टा बांधून मशिदीत जाऊ? खाणीतला मजूर आहे मी?" ते प्रकरण तिथेच मिटलं.

मग मी त्यांना शिक्षिकेच्या आवाजात सगळं समजावलं. लुमेन, कँडेला, पायाशी उजेड, फुरसं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, ते सगळं बरोबर. जवळची पण आण. पण मी लांबची मागितली होती."

"कशाला अब्बा? बागेत डुकरं येतात म्हणून? रात्री तुम्ही एकट्याने बागेत जायचं नाही, असं ठरलंय."

"बागेत नाही जात. पडवीतूनच बघतो."

"काय बघता?"

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "कब्रस्तानचं फाटक."

निसर्ग वादळात कब्रस्तानच्या गडग्यावर दोन मोठी झाडं पडली होती. खाचराकडची बाजू पूर्ण ढासळली. जमातने तिथे तात्पुरते सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण घातलं, ते तात्पुरतंच राहिलं. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की रानडुकरं कुंपणाखालून शिरतात आणि मातीत मुसंडी मारून उकरतात. नव्या मातीत जास्त. अम्मीची कब्र त्याच बाजूला आहे. अब्बा रोज रात्री, इशानंतर एकदा आणि मध्यरात्री जाग आली की एकदा, पडवीत उभे राहून त्या कुंपणावर बॅटरी फिरवतात. डुक्कर दिसलं तर पत्र्याचा डबा वाजवतात, आणि चाचींच्या घरातली पोरं ओरडत जातात. गेली तीन वर्षं हे चाललंय. मला माहीत नव्हतं. भाईलाही नाही.

"गाय असली, कुत्रं असलं, बिबट्या असला तरी डोळे चमकतात," अब्बा मला समजावू लागले, आता शिक्षक ते होते. "मिणमिणत्या उजेडातसुद्धा कळतं. डुकराचे डोळे चमकत नाहीत. नुसतं काळं ढेकूळ. हललं तरच समजायचं. म्हणून मला उजेड चांगला हवा."

मी हे सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते चकित झाले. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यामागे आरशासारखा एक थर असतो, त्यामुळे डोळे चमकतात. माणसात तो नसतो, आणि डुकरातही नसतो. हे पुस्तकात आहे. अब्बांनी पुस्तक वाचलेलं नाही.

मग मी पहिल्यांदा शहाणपणाचं काम केलं. चाचींच्या नातवाला फोन करून सांगितलं, पडवीपासून कुंपणापर्यंत सरळ पावलं मोज. खाचराच्या बांधावरून जाऊन आला, म्हणाला, दोनशे बारा. पोराचं पाऊल साधारण पासष्ट सेंटिमीटर धरलं तर १४० मीटर. आता गणित उलटं मांडता येत होतं. १४० मीटरवर चांदण्याएवढा उजेड पोहोचून अब्बांना काळं ढेकूळ दिसणार नाही. निदान एक लक्स तरी हवा, म्हणजे पौर्णिमेच्या चौपट. त्यासाठी वीस हजारांच्या वर कँडेला, म्हणजे खोक्यावर खरेपणाने छापलेले तीनशे मीटर. पाचशे, आठशे, हजार मीटरची गरज नव्हती. जास्त घेतली असती तर वजन वाढलं असतं, झोत अरुंद झाला असता, आणि उजेड पार खाडीवर गेला असता. ते तर मुळीच नको. १९९३ नंतर आमच्या किनाऱ्यावर रात्री खाडीच्या दिशेने हलणारा उजेड कोणालाच साधा वाटत नाही, आणि आमच्या मोहल्ल्यातून निघालेला तर नाहीच. अब्बा स्वतःच म्हणाले, "झोत टेकडीकडे. खाडीकडे नाही. हे पोरांना पण सांगून ठेवलंय."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर लोहार चाळीत गेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मशीद बंदर स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि विजेची कुठलीही वस्तू तिथे मिळते. गर्दी अशी की छत्रीसुद्धा उघडता येत नाही. मी पर्समध्ये टेप घेऊन गेले होते. तीन दुकानदारांनी मला वेडी समजून हाकललं. चौथा म्हातारा होता. त्याने विचारलं, "कोणासाठी?" मी सांगितलं. त्याने पोऱ्याला गोदामातला दिवा बंद करायला लावला आणि पाच मीटर मोजून मोबाइल ठेवू दिला.

तिथे पाच बॅटऱ्या तपासल्या. जी घेतली तिचं तोंड साधारण चहाच्या बशीच्या आतल्या गोलाएवढं, आत २१७०० चा सेल, आणि मोबाइलवर ९०० लक्स. म्हणजे साडेबावीस हजार कँडेला, बरोबर तीनशे मीटर. पाण्यासाठी आयपीएक्स-७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. आमच्याकडच्या पावसाला तेवढं हवंच. चार्जिंग साध्या मोबाइलच्या वायरवर, त्यामुळे वीज गेली तर पॉवर बँकेवरही होतं. सगळ्यात जास्त वेळ मी बटणावर घालवला. हल्ली एकाच बटणावर कमी, मध्यम, जास्त, लुकलुक आणि एसओएस असं सगळं कोंबतात. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं आणि बॅटरी लुकलुकायला लागली तर काय करायचं? ही एकदा दाबली की लागते, पुन्हा दाबली की विझते, उजेड बदलायला वेगळं बटण आहे. साडेतीन हजारांना पडली. भाईने अर्धे पाठवले.

दुसरी, पायाशी धरायची, साडेसहाशेची. पाच मीटरवर जेमतेम चाळीस लक्स, पण उजेड रुंद, किंचित पिवळसर, आणि पाचोळा पाचोळ्यासारखा, माती मातीसारखी दिसते. निळसर पांढऱ्या उजेडात फुरसं आणि वाळकं पान एकाच रंगाचं भासतं, असं माझं मत झालं. ही मी मुद्दाम पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. तसले सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतात. चार्ज करायला विसरलं तरी अडत नाही. गळ्यात अडकवायला दोरी.

दुकानदाराने एक जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरीही पुढे केली. नोटा तपासायची. मी नको म्हणणार होते, पण सरांनी सांगितलेलं आठवलं की अतिनील उजेडात विंचू हिरवट चमकतो. आमच्या शेजारच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून कोकणातले किती जीव वाचवले, ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण विंचू चावायच्या आधीच दिसला तर उत्तम. दीडशे रुपयांत तीही घेतली. गावी पहिल्याच रात्री मुलाने ती लाकडाच्या ढिगाऱ्यावर मारली आणि तीन हिरवे ठिपके दाखवले. त्या रात्री कोणी अनवाणी न्हाणीघरात गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माणगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने गावी पोहोचलो. अब्बांनी चहा होऊ दिला नाही. खोकं उघडलं, लांबची बॅटरी हातात तोलली, कुवैतच्या बॅटरीच्या शेजारी ठेवून बघितली. "हलकी आहे," म्हणाले. तक्रार होती की तारीफ, कळलं नाही. छोटी त्यांनी गळ्यात घातली आणि लगेच सदऱ्याच्या आत टाकली, तावीज लपवावा तशी. चाचींच्या नातवाला मी एका बाजूला घेऊन सांगितलं की आजोबा फजरला निघताना ती बाहेर काढतात की नाही, ते बघत जा. त्याला पगार म्हणून माझ्या मुलाचं जुनं घड्याळ दिलं.

इशानंतर आम्ही पडवीत बसलो. वीज होती, पण अब्बांनी पडवीचा दिवा घालवायला लावला. "आधी डोळे बसू देत." पंधरा-वीस मिनिटं आम्ही अंधारातच बोलत बसलो. हळूहळू गडग्याची रेघ दिसू लागली, मग खाचरातली कापणीला आलेली भातं. मग ते उठले, खांबाला पाठ टेकवली, बॅटरी दोन्ही हातांत धरली आणि लावली.

खाचरांवरून झोत सरळ गेला. पलीकडे फाटकाचे चुन्याने रंगवलेले दोन खांब एकदम उभे राहिले. माझ्या मुलाने "बाप रे!" म्हटलं. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी उजेड फाटकावरून हलवला आणि कुंपणावर धरला, आणि मग अगदी सावकाश, उजवीकडून डावीकडे, उर्दूची ओळ वाचावी तसा, एकेका खांबावरून नेऊ लागले. एका ठिकाणी थांबले. मागे नेला. पुन्हा तिथेच आणला.

"तो तिसरा खांब बघ," मला म्हणाले. "कललाय. खालून माती गेलीय. हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं."

मला तिथे काही वेगळं दिसत नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांच्या हाताच्या रेषेत डोळे आणले, तेव्हा दिसलं. खांबाखाली एक काळी फट होती, डुकराचं पिल्लू सहज शिरेल एवढी.

"सकाळी जमातच्या पोरांना बोलावतो," अब्बा म्हणाले. "तू चहा ठेव आता."